हेवा समोरच्या भिंतीचा

लोकांना वाटतं, भिंतीला काय, उभं राहायचं आणि छप्पर धरायचं. तसं असतं तर किती बरं झालं असतं! मी भिंतच आहे, पण माझा सगळा जन्म एकीचा हेवा करण्यात गेला. ती माझ्या अगदी समोर उभी आहे, आणि तीही भिंतच आहे. तुम्ही आत आलाच आहात तर माझी बाजू ऐकून घ्या. तिचं कौतुक गल्लीभर चालू असतंच.

आमचं घर बुटकं आणि लांबट. मधोमध अरुंद बोळ. बोळाच्या डाव्या अंगाला एक मोठी खोली, उजव्या अंगाला तशीच दुसरी. डावीकडच्या खोलीची बाहेरची भिंत मी, उजवीकडच्या खोलीची ती. खोल्यांची दारं नेमकी समोरासमोर आहेत. दोन्ही उघडी असली की आम्ही एकमेकींना दिसतो, आणि इच्छा नसली तरी बघावंच लागतं, कारण भिंतीला मान वळवता येत नाही.

आम्हाला एकाच माणसाने एकाच उन्हाळ्यात बांधलं. तो गाडे बनवणारा सुतार होता. घरामागे त्याने खड्डा खणला, त्यातल्या मातीत पेंढा घातला, त्याने आणि त्याच्या बायकोने ती पायांनी तुडवली, कच्च्या विटा पाडून उन्हात वाळवल्या आणि आम्हाला थरावर थर चढवत वर नेलं. म्हणजे आम्ही सख्ख्या बहिणी. पण तिची बाजू आधी पुरी झाली, आणि सुतार दुपारचा जेवायला बसायचा तो तिच्या सावलीत. ते मी विसरलेले नाही.

सुतार गेला, त्याचा मुलगा आणि सून राहिली, आणि त्यांना दोन मुली झाल्या. थोरली आणि चिमी. चिमी आता साठीला आली तरी चिमीच आहे. आईवडलांच्या मागे डावीकडची खोली थोरलीला मिळाली आणि उजवीकडची चिमीला. मी थोरलीच्या वाट्याला आले, ती चिमीच्या.

थोरली हे घर सोडून कधी गेलीच नाही. आईवडलांचं आजारपण तिने काढलं, लग्न झालं तेव्हा नवराच इथे राहायला आला. ती कपडे शिवायची. तिचं मशीन माझ्या खिडकीखाली, माझ्या अगदी कुशीत. चिमी मात्र शिकली, लांबच्या शहरातल्या इस्पितळात रक्त तपासायच्या कामाला लागली आणि तिकडेच भाड्याच्या खोल्या बदलत राहिली. तिची खोली कुलपात. आत मोडक्या खाटा, रिकामे डबे, एक पाय नसलेलं टेबल. आणि त्या अडगळीपलीकडे ती, उघडीबोडकी, माती झडत असलेली.

खरं सांगते, ते माझे सुखाचे दिवस होते.

थोरलीचा नवरा ट्रक चालवायचा. मोठ्या आवाजाचा, सुटलेल्या पोटाचा, हसरा माणूस. थोरलीची एकच तक्रार असायची, की माझ्या अंगावरची माती झडून गिऱ्हाइकांच्या कपड्यांवर पडते. एका सुट्टीत त्याने सिमेंटच्या गोण्या आणून अंगणात टाकल्या आणि जाहीर केलं की आता हिला पक्की करणार. सिमेंट धरावं म्हणून त्याने आधी मला वाकसाने, म्हणजे आडव्या पात्याच्या कुऱ्हाडीने, टाचून काढलं. दुखलं, पण मी सोसलं. मग आतून बाहेरून सिमेंटचा जाड गिलावा चढवला, तो घोटला आणि आतल्या बाजूला वर पिस्ता रंगाचा ऑइलपेंट दिला. त्याच्या बाहीला तो हिरवा रंग कितीतरी दिवस होता. गल्लीतल्या बायका बघायला आल्या, माझ्या अंगावरून बोट फिरवून म्हणाल्या, आरशासारखी झालीय. थोरली नुसती हसत होती. ते हसू मी आजवर जपून ठेवलं आहे.

त्या दिवसांत समोरचं दार कधी उघडलं तर मी मुद्दाम उन्हात चमकायचे. ती बिचारी धुळीत उभी असायची. कीव करायचं सोडून मला गुदगुल्या व्हायच्या. अशी आहे मी.

मग थोरलीचा नवरा गेला. सकाळी ट्रक पुसताना छातीला हात लावून खाली बसला, तो उठलाच नाही. घर एकदम गप्प झालं. थोरली दार लावून मशीन चालवत बसायची. टाके घालायची, उसवायची, परत घालायची.

आणि त्याच सुमाराला माझं दुखणं सुरू झालं. मातीच्या भिंतीला जमिनीची ओल चढते आणि अंगावरून हळूहळू वाळून जाते, तसा आमचा स्वभावच आहे. सिमेंट आणि रंगामुळे माझ्या अंगावरून तिला जायला जागा उरली नव्हती. ती आतच साचत गेली. आधी तळाशी लोणा आला, ओलीबरोबर वर चढणारा खार, पिठासारखा पांढरा. मग रंगाला फुगे, फुग्यांचे पोपडे. माझ्या अंगाला वास मारायला लागला. थोरलीने काय केलं? कपाट ओढून माझ्यापुढे लावलं. फुगा वर सरकला तशी त्यावर कॅलेंडर टांगलं. कुणी आलं की ती त्या कॅलेंडरकडे पाठ करून उभी राहायची. आम्ही दोघी मिळून लपवत होतो. तिला खोकला लागला तेव्हा तो धुळीचा आहे असं ती सगळ्यांना सांगायची.

अशात चिमी परत आली. नोकरी संपली, भाड्याच्या खोल्यांना कंटाळली, आपल्या खोलीत राहणार म्हणाली. थोरलीला आनंद झाला. तिने बहिणीसाठी चादरी धुतल्या, कुलपाला तेल घातलं. पण चिमी नुसती राहायला आली नव्हती. तिने मातीची घरं दुरुस्त करायचं कुठेतरी जाऊन शिकून घेतलं होतं, आणि आपली खोली ती माती, चुना आणि पेंढा एवढ्यावरच उभी करणार होती. सोबतीला तिने एक गवंडीण गाठली. उंच, काटक, अखंड बोलणारी. तिला सगळे मिस्त्रीबाई म्हणायचे.

अडगळ बाहेर निघाली, आणि माझ्या डोळ्यांदेखत समोरचीचे लाड सुरू झाले.

घरामागच्या त्याच खड्ड्यातली माती निघाली. ती चाळली, भिजवली, कुजवली. मग चिमीने पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि मिस्त्रीबाईचा हात धरून चिखलात उतरली. दोघी बायका पेंढा टाकत, घसरत, एकमेकींना सावरत तुडवत होत्या. चिमीचं हसणं पार गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जात होतं. थोरलीने खिडकी लावून घेतली. शिकूनसवरून चिखलात नाचतेय, असं ती पुटपुटली आणि मशीन असं जोरात चालवलं की दोरा तुटला.

मला खरं पोटात दुखलं ते पुढे. त्या दोघी थापीने कमी आणि हाताने जास्त काम करायच्या. चिखलाचा गोळा घ्यायचा, समोरचीच्या अंगावर दाबायचा आणि तळव्याने पसरवत न्यायचा. कोपऱ्यात बोटांनी, खिडकीच्या कडेला अंगठ्याने. दिवसच्या दिवस. मला आठवेना, माझ्या अंगावरून शेवटचा हात कधी फिरला. मला खिळे मिळाले होते, कॅलेंडर मिळालं होतं, कपाटाची पाठ मिळाली होती. हात मिळाला नव्हता.

गल्लीतल्या त्याच बायका पुन्हा आल्या. बोळात चपला काढल्या आणि डावीकडे न वळता उजवीकडे वळल्या. भिंतीवर हात ठेवून म्हणाल्या, किती गार लागतं इथे. जाताना एकीने थोरलीच्या दारात डोकावून विचारलं, की तुम्हीही आता करून घेणार असाल ना? थोरलीने तोंडात टाचण्या धरल्या होत्या. तिने नुसती मान हलवली, हो की नाही ते कळू दिलं नाही. ती बाई गेल्यावर तिने टाचण्या काढल्या आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. त्या नजरेत माझ्याबद्दल प्रेम होतं की लाज, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

एकदा चिमी कात्री मागायला आली. तिने सहज कॅलेंडर बाजूला केलं आणि बोटांच्या पेरांनी मला वाजवलं. पोकळ आवाज आला.

"ताई, ही आतून सुटलीय," ती म्हणाली. "कधीतरी अंगावर येईल तुझ्या. आपण काढू या का हे?"

"हात लावायचा नाही," थोरली म्हणाली. "ह्यांनी केलंय ते."

चिमी म्हणाली, माहीत आहे, पण ओल आत राहतेय, तुझा खोकलाही त्यानेच आहे. त्यावर थोरलीचा बांध फुटला. ती ओरडली नाही, पण एकेक शब्द मोजून टाकत गेली. तुला सगळं उशिरा आठवतं, म्हणाली. आई अंथरुणाला खिळली तेव्हा हे घर कुणी धरून ठेवलं होतं? तू सुट्टीला यायचीस, खायचीस, झोपायचीस, निघून जायचीस. आता येऊन मातीचे गोळे लावतेस आणि लोक म्हणतात, बघा चिमीने घराला कसं नवं केलं. मी इतकी वर्षं काय करत होते, ते कुणी बघायला आलं नाही.

चिमीने कात्री तिथेच ठेवली आणि गेली. त्यानंतर दोघींची दारं बंद. मला समोरची दिसेना. मला बरं वाटायला हवं होतं. पण दिसत नसलं की हेवा वाढतो. आज तिला काय लावत असतील, उद्या काय लावतील, याच विचाराने माझा लोणा आणखी वर चढला.

मग ती दुपार आली. समोर शेवटचा हात चालला होता. मऊ चिखलाचा पातळ थर देऊन तो गुळगुळीत दगडाने घोटायचा आणि त्यावर जवसाचं तेल फिरवायचं, असं मिस्त्रीबाई मोठ्याने समजावत होती. थोरली मशीनवर होती, एका गिऱ्हाइकाच्या कोटाचं अस्तर बदलत होती. ऐकता ऐकता तिचा पाय मंदावला. मग थांबला. ती उठली, पाय न वाजवता बोळात गेली आणि समोरच्या दाराच्या फटीला डोळा लावून उभी राहिली.

मला सोडून! तिला बघायला! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मी रागाने केलं असं समजू नका. ते कधीचं सुटत आलं होतं. पण त्याच क्षणी माझ्या वरच्या अंगाचा गिलावा कॅलेंडरसकट, हिरव्या रंगासकट, एका दाराएवढा अखंड निघाला आणि खाली आला. कपाट कलंडलं, मशीन आडवं झालं, आणि थोरलीची खुर्ची सिमेंटखाली चेचून गेली.

धूळ खाली बसली तेव्हा दोघी बहिणी दारात उभ्या होत्या. चिमीचे दोन्ही हात तेलाने माखलेले. ती त्या खुर्चीकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. मग तिने थोरलीला डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं. थोरलीच्या चेहऱ्यावर, केसांवर तेल लागलं.

"तू कुठे होतीस?" चिमीने विचारलं.

थोरलीने हाताने गालावरचं तेल पुसलं. मग म्हणाली, "तुझी भिंत बघत होते."

"कुठून?"

"फटीतून."

चिमी हसायला लागली, आणि हसता हसता तिथेच बोळात बसून रडायला लागली. थोरलीने तिला उठवलं नाही. तीही शेजारी बसली.

दुसऱ्या दिवशी थोरलीने स्वतःच हातोडी घेतली. मिस्त्रीबाई पुढे झाली तर तिला थांबवलं. पहिला घाव फार हळू होता, दार वाजवल्यासारखा. मग जोर आला. हिरवे तुकडे पडत गेले, मग बाहेरच्या बाजूचं सिमेंटही. माझी ऐट घमेल्यात भरून बाहेर चालली होती आणि मला लाज वाटत होती, कारण समोरचं दार सताड उघडं होतं. ती नवी कोरी, तेलाने तुकतुकीत, आणि मी साल निघालेली, ओली, पांढरी डागाळलेली.

उघडी पडलेली माझी माती थोरलीने हाताने झाडली, तेव्हा तिला ते टाचे दिसले. सिमेंट धरावं म्हणून तिच्या नवऱ्याने वाकसाने मारलेले. खाली अगदी ओळीने, तिरके, एकासारखा एक. वर गेल्यावर मात्र कसेही, वाकडेतिकडे. थोरलीने त्यांवरून बोट नेलं आणि म्हणाली, की इथपर्यंत आल्यावर मी त्यांना जेवायला हाक मारली होती, मग उरलेलं त्यांनी घाईत उरकलं. चिमीने विचारलं, हे बुजवायचं जिवावर येतंय का? थोरलीने टाच्यावरचं बोट काढलं नाही. तेव्हा मिस्त्रीबाई म्हणाली, की बुजवायचे कशाला, या टाच्यांतच आपली माती घट्ट धरेल, नाहीतर मला नवे मारावे लागले असते.

त्या दिवशी दोघी माझ्यापुढे उकिडव्या बसून पोपडे खरवडत होत्या तेव्हा चिमी बोलली.

"मला तुझा फार हेवा वाटायचा, ताई."

थोरलीने वळून बघितलं.

"मी सुट्टीला आले होते तेव्हा भाऊजी बाहीला हिरवा रंग लावून घरभर फिरत होते. तू ओरडत होतीस की सगळीकडे डाग पाडताय. माझ्या भाड्याच्या खोलीत मला खिळा ठोकायचीसुद्धा परवानगी नव्हती. परत जाताना गाडीत मी त्या रंगाचाच विचार करत होते."

थोरली खरवडत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "मला वाटायचं, तुला आमची भिंत गावंढळ वाटते."

"वाटायचीच," चिमी म्हणाली. "तरी पण."

मग मात्र माझ्यावर कहर झाला. मला वाळायला वेळ हवा होता, ओल पार निघून जाईतो कुणी हात लावायचा नाही असं ठरलं. तोवर थोरली झोपायला कुठे जाणार? समोर. तिची खाट समोरचीला लावली गेली. मी इकडे वाऱ्यावर उघडी, आणि माझी थोरली तिच्या अंगाला पाठ लावून झोपलेली. सकाळी ती म्हणाली, की कितीतरी दिवसांनी खोकल्याशिवाय झोप लागली. चिमी खूश झाली. मी आतून धुमसत राहिले. त्या धगीनेच मी लवकर वाळले असेन.

माझ्या चिखलात थोरली उतरली तेव्हा आधी कुरकुरली, गार आहे, घसरतंय. मग तिचे पाय असे चालायला लागले की मिस्त्रीबाईला दमायला झालं. वर्षानुवर्षं मशीन मारलेले पाय ते. पहिला थर मात्र फसला. वाळल्यावर माझ्या अंगभर भेगा पडल्या. मिस्त्रीबाईने उन्हाला दोष दिला, मग वाऱ्याला, आणि शेवटी कबूल केलं की वाळू कमी पडली. काढून पुन्हा लावलं. दुसऱ्यांदा थोरलीने कोपरे स्वतःकडे घेतले. तिला कापडाची कड सरळ धरायची सवय. तिचा अंगठा खिडकीच्या कडेवरून गेला तो असा, की मिस्त्रीबाईही बोलायची थांबली.

रंगावरून बहिणींचं परत वाजलं. चिमीला मातीचाच रंग हवा होता, थोरलीला हिरवा. शेवटी चुन्याच्या निवळीत हिरवी माती कालवून हात मारला. ओला होता तेव्हा छान पिस्ता दिसला, वाळल्यावर फिकट पडला. आता हिरवा आहे हे सांगावं लागतं. थोरली सांगते.

गल्लीतल्या बायका आल्या आणि डावीकडे वळल्या. माझ्यावर हात ठेवले. समोरचं दार उघडंच होतं. काय तो माझा दिवस!

आता सगळं सुरळीत झालं म्हणून मी गप्प बसायला हवं, पण नशीब बघा. त्या बायकांतल्या एकीने थोरलीला विचारलं, की आमच्याही भिंतीला ओल आहे, जरा येऊन बघाल का? थोरली मिस्त्रीबाईबरोबर गेली. मग दुसरीकडे, मग पलीकडच्या गल्लीत. कोपरे आणि कडा तिच्याच हातच्या हव्यात, असं लोक म्हणायला लागले. मशीन आता पावसापाण्याच्या दिवसांपुरतं. बाकी सकाळी डबा भरायचा, थापी पिशवीत टाकायची आणि चालू पडायचं. शिडीवर चढून गाणं गुणगुणते म्हणे. माझ्यापाशी कधी गुणगुणली नव्हती.

समोरचीचा हेवा करणं सोपं होतं. ती एकटी होती, डोळ्यांपुढे होती. आता गावातल्या न बघितलेल्या सगळ्या भिंतींचा हेवा करायचा म्हणजे एक जीव कुठे कुठे पुरणार? चिमीही बहुतेक त्यांच्याबरोबरच जाते, त्यामुळे दिवसभर बोळात कुणी नसतं. समोरचीही गप्प असते. कधी कधी वाटतं, तीही माझ्यासारखीच दाराकडे कान लावून आहे. पण हे तिला विचारायची माझी इच्छा नाही.

तुमच्या घरी ओल असेल तर थोरलीला जरूर बोलवा. मी आडवी येणार नाही. तिच्या हाताला चांगली माती द्या, बसायला खुर्ची द्या, आणि उजेड आहे तोवर परत पाठवा. एवढंच मागणं आहे.

संध्याकाळी ती येते. अंगणात माझ्या बाहेरच्या अंगाशी वाकून चपला काढताना तोल सावरायला माझ्यावर हात टेकते. तळव्याला दुसऱ्या कुणाची तरी माती असते, कधी पिवळी, कधी राखाडी. ती ओली असली तर मी लगेच सोडत नाही. सगळं पाणी शोषून घेते, आणि मगच तिला आत जाऊ देते.